अझुचीचा दग्ध दुर्ग : साधनांची चिकित्सा

(१) प्रयोजन

जपान देशांत बिवा सरोवराच्या पूर्व तीराजवळ अझुची नांवाची टेकडी आहे. ओदा नोबुनागा ह्या सेनापतीनें इ. स. १५७६ मध्यें तिच्यावर किल्ला बांधण्यास आरंभ केला. माथ्यावरील सात मजली मुख्य प्रासादास जपानी भाषेंत ‘तेन्शु’ म्हणतात. तो पुरा होऊन १५७९ मध्यें नोबुनागा तेथें राहावयास गेला. आणि १५८२ च्या जुलै महिन्यांत तो प्रासाद जळून गेला. म्हणजे ह्या इमारतीचें पुरें आयुष्य तीन वर्षांहून फारसें अधिक नाहीं. तथापि पुढील जपानी दुर्गरचनेस हिनेंच वळण लाविलें असें मानण्यांत येतें, आणि ती जळून चार शतकें उलटलीं तरी ती कशी होती हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

हा लेख लिहिण्याचें कारण प्रस्तुत लेखकाची स्वतःची एक चूक हें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान नियतकालिकांत मीं ह्या दुर्गावर चार पानें लिहिलीं. सोबत एक रंगीत चित्र दिलें. त्यांत खालीं तांबड्या खांबांचा अष्टकोनी मजला व त्यावर सोन्यानें मढविलेला चौकोनी मजला होता. चित्राखालीं मीं लिहिलें कीं, ह्या प्रासादाच्या गर्भांत तळापासून चार मजल्यांपर्यंत मोकळी जागा असून तिच्या मध्यभागीं बौद्ध स्तूप होता, हें मूळ नकाशावरून सिद्ध आहे. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसास जपानी सेनापतीच्या घराच्या पोटांत स्तूप सांपडला, तेव्हां त्यास केवढा हर्ष झाला असेल हें वाचकांनीं ताडावें. पुढें दोघां लेखकांनीं माझ्या त्या वाक्याचा आधार देऊन तेंच पुन्हां लिहिलें.

गेल्या वर्षीं प्रत्यक्ष टेकडी पाहण्याचा योग आला, व परत आल्यावर साधनें मुळापासून तपासलीं. तेव्हां कळलें तें असें : चित्र इमारतीचें नसून आधुनिक प्रतिकृतीचें आहे; ‘मूळ नकाशा’ मूळ नाहीं; आणि ‘सिद्ध’ हा शब्द तर मीं पदरचा घातला होता. छापलेली चूक छापूनच फेडावी लागते, म्हणून हा प्रपंच. मला जपानी येत नाहीं, हेंहि आरंभींच सांगणें अवश्य आहे. मुख्य जपानी ग्रंथ मीं एलिसोनास व लॅमर्स ह्यांच्या इ. स. २०११ च्या इंग्रजी भाषांतरांतून वाचला. स्थळावरील फलक व वादाचे लेख माझ्या कोबे येथें नोकरीस असलेल्या पुतण्यानें समजावून दिले. तेव्हां पाठभेदांच्या सूक्ष्म प्रश्नांवर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. साधनांचें तारतम्य एवढाच माझा विषय आहे.

(२) टेकडीवर आज काय आहे

क्योतोहून आगगाडीनें अझुचीच्या लहानशा स्टेशनावर उतरलें म्हणजे भातशेतांतून पायीं अर्ध्या तासाच्या आंत पायथा येतो. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १९९ मीटर. परंतु सरोवराचें पाणीच मुळीं ८५ मीटरांच्या आसपास असल्यामुळें प्रत्यक्ष चढ शंभर-सव्वाशें मीटरांचा. सह्याद्रीचे गड हिंडलेल्या माणसास हा चढ क्षुल्लक वाटेल. पण नोबुनागाच्या वेळीं टेकडीच्या तीन बाजूंस पाणी होतें. विसाव्या शतकांत त्या पाण्याचा बराचसा भाग आटवून त्याचीं शेतें केलीं. माथ्यावर उभें राहून जो हिरवा सपाट प्रदेश दिसतो, तो किल्ला बांधणारानें कधींहि पाहिला नव्हता. कागदाप्रमाणें भूमीचीहि प्रत पालटते, आणि तिच्यांतलाहि प्रक्षेप ओळखावा लागतो.

दक्षिणेकडून महाद्वाराची वाट चढते. तिची रुंदी सुमारें ६ मीटर, आणि पहिला सुमारें १८० मीटरांचा भाग अगदीं सरळ आहे. शिगा प्रांताच्या सरकारनें इ. स. १९८९ पासून वीस वर्षें येथें उत्खनन केलें व पायऱ्या पुन्हां बसविल्या. सरळ वाट ही किल्ल्यांत नवलाची गोष्ट होय. शत्रूस वळणें घ्यावयास लावावीं हा दुर्गरचनेचा पहिला नियम. ह्याचा उलगडा असा करतात कीं, ही वाट सम्राटाच्या स्वारीकरितां होती. नोबुनागाच्या चरित्रांत सम्राटाच्या आगमनासाठीं राखलेल्या दालनाचा उल्लेख आहे. आणि माथ्याजवळच्या मुख्य आवारांत एका वाड्याचें जें जोतें उत्खननांत उघडें झालें, त्याची मांडणी क्योतो येथील सम्राटाच्या सेइर्योदेन ह्या प्रासादाशीं जुळते असें संशोधक सांगतात. वाट, दालन व जोतें असे तीन स्वतंत्र धागे येथें एका ठिकाणीं येतात. मी हें अनुमान संभाव्य मानतों. निश्चित मानीत नाहीं, कारण सम्राट येथें कधीं आलाच नाहीं.

ह्या वाटेवर एका ठिकाणीं माझा पाय अडखळला. पायऱ्यांच्या दगडांत बुद्धाच्या मूर्ति बसविलेल्या आहेत. बांधकामास दगड अपुरे पडले तेव्हां आसपासच्या मूर्ति व समाधींचे दगड आणून चिऱ्यांप्रमाणें वापरले. कोणी भाविकानें त्यांपुढें नाणीं ठेविलीं होतीं. फ्रोइश ह्या पाद्र्यानें नोबुनागाच्या क्योतो येथील बांधकामाविषयीं लिहिलें आहे कीं, दगडी मूर्ति दोरांनीं ओढून आणून कामास लाविल्या. परधर्मीयाची निंदा समजून आपण तें वाक्य सोडून देऊं. परंतु येथें तशाच वर्तनाची साक्ष दगडच देत आहे. पक्षपाती साक्षीदार प्रत्येक वेळीं खोटें बोलतो असें नाहीं.

वाटेच्या दोहों बाजूंस सरदारांच्या वाड्यांचीं जोतीं आहेत. फलकांवर ‘हाशिबा हिदेयोशी ह्यांचा वाडा’, ‘माएदा तोशिइए ह्यांचा वाडा’ अशीं नांवें आहेत. पुतण्या नांवें वाचून पुढें चालूं लागला. मीं विचारलें, ‘नांवाच्या आधीं एक अक्षर आहे, तें कसलें?’ तो म्हणाला, ‘काका, तें ‘देन’. म्हणजे तसें सांगतात, एवढेंच.’ येथेंच मला हा सर्व प्रवास सार्थकीं लागल्यासारखा वाटला. ह्या वाड्यांच्या मालकांचीं नांवें सोकेनजी ह्या डोंगरावरील मंदिराच्या संग्रहांत असलेल्या इ. स. १६८७ च्या एका जुन्या नकाशावरून घेतलेलीं आहेत. म्हणजे किल्ला उजाड झाल्यावर शंभर वर्षांनंतरचीं. फलक लिहिणारानें तें एक अक्षर लिहून आपलें कर्तव्य केलें. यात्रेकरू तें अक्षर गाळून वाचतो व घरीं जाऊन ‘हिदेयोशीचा वाडा पाहिला’ असें सांगतो. मीं स्तूपाच्या बाबतींत ह्याहून निराळें काय केलें होतें?

सुमारें चारशें पायऱ्या चढून माथ्यावर गेलें म्हणजे तेन्शुचा पाया लागतो. त्याचा आकार चौकोनी नसून डोंगराच्या कलानें गेलेला वेडावाकडा बहुकोन आहे. आंत तळघराच्या खांबांचे पायादगड रांगेनें उघडे पडले आहेत. इ. स. १९४० च्या सुमारास तेथील माती काढली तेव्हां ते दिसले. सर्व रांगांच्या मध्यभागीं जेथें दगड असावयास पाहिजे तेथें दगड नाहीं, खळगा आहे. ह्या एका खळग्याभोंवतीं पुढील सर्व वाद फिरतो.

(३) दोन समकालीन साक्षीदार

पहिला साक्षीदार ओता ग्यूइची. हा इ. स. १५२७ मध्यें जन्मला. नोबुनागाच्या पदरीं धनुर्धारी होता, व पुढें कारभाराच्या कामांतहि होता. त्यानें आपल्या धन्याचें चरित्र लिहिलें. त्यास ‘शिंचोकोकी’ म्हणतात. त्याच्या हातच्या प्रती आज उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकीं इकेदा घराण्याच्या संग्रहांतील प्रत इ. स. १६१० ची, म्हणजे लेखकाच्या वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षींची आहे. आपल्याकडे बखरींच्या अस्सल प्रती किती दुर्मिळ आहेत हें जाणणाऱ्यांस ह्या गोष्टीचा हेवा वाटेल. परंतु अस्सल प्रत म्हणजे घटनेच्या दिवशींचा कागद नव्हे. टिपणें जुनीं असलीं तरी ग्रंथाची रचना मागाहूनची आहे, आणि निरनिराळ्या प्रतींत फरक आहेत.

ग्यूइचीनें तेन्शुचें वर्णन मजल्यामजल्यानें केलें आहे. दुसऱ्या मजल्याचे खांब तो २०४ सांगतो. दालनें किती चटयांचीं, कोठें कोणतें चित्र, कोठें सोनें, तें नोंदवितो. चित्रकार कानो एइतोकु. सहावा मजला अष्टकोनी. बाहेरचे खांब शेंदरी, आंतील सोनेरी. भिंतींवर शाक्यमुनि धर्मोपदेश करीत आहे असें चित्र व त्याचे दहा महाशिष्य. सातवा मजला चौकोनी, आंतबाहेर सुवर्णाचा. तेथें चीन देशाच्या पुराणांतील राजे, कन्फ्यूशियसचे शिष्य व वेळुवनांतील सात ज्ञानी पुरुष. ह्या क्रमांत बुद्ध खालीं व चिनी राजनीतीचे आदर्श वर आहेत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

दुसरा साक्षीदार लुईश फ्रोइश हा पोर्तुगीज जेझुइट. ह्याचा आपल्या प्रांताशीं खरा संबंध आहे. इ. स. १५४८ मध्यें तो गोव्यास आला, तेथें शिकला, तेथें पंथाच्या पत्रव्यवहाराचें लेखन करून त्याचा हात तयार झाला, १५६१ मध्यें तेथेंच त्यास पाद्रीपणाची दीक्षा मिळाली, आणि १५६३ मध्यें तो जपानांत उतरला. नोबुनागानें पाद्री लोकांस किल्ला आंतून दाखविला होता. फ्रोइश सात मजल्यांचा मनोरा, निरनिराळ्या मजल्यांचे निरनिराळे रंग, पांढऱ्या भिंतींवर काळ्या रोगणाच्या खिडक्या व सर्वांच्या वर सोनें असें वर्णन करतो. त्याची पत्रें वेळच्या वेळीं लिहिलेलीं; ‘जपानचा इतिहास’ हा मोठा ग्रंथ मागाहून रचलेला. हा ग्रंथ वरिष्ठांस फार लांबट वाटला, म्हणून युरोपास न जातां मकाव येथें पडून राहिला. अठराव्या शतकांत त्याच्या नकला झाल्या, मूळ प्रत पुढें नाहींशी झाली, आणि समग्र छापील आवृत्ति लिस्बन येथें इ. स. १९७६ ते १९८४ ह्या काळांत निघाली. म्हणजे ह्या साक्षीदाराची साक्ष आपण नकलेवरून वाचतों.

दोघे एकमेकांस ओळखून लिहीत नाहींत. एकाचा धनी नोबुनागा, दुसऱ्याचा रोमचा धर्मगुरु. म्हणून जेथें दोघांचें जुळतें तेथें आपण निर्धास्त असावें. सात मजले, रंगीत भिंती, सोनेरी शिखर हें जुळतें. जेथें जुळत नाहीं तेथें काय करावें, ह्याचें एक उदाहरण देतों. ‘सर्पशिला’ नांवाचा एक प्रचंड दगड डोंगरावर चढविला. ग्यूइची म्हणतो, तीन सरदारांनीं दहा हजारांहून अधिक माणसें लावून तीन दिवस व तीन रात्रींत तो वर नेला. फ्रोइश म्हणतो, दगड एका बाजूस घसरला आणि दीडशेंहून अधिक माणसें चिरडून मेलीं. चाकर धन्याचा पराक्रम लिहितो, मेलेले लिहीत नाहीं. पाद्री मेलेले लिहितो, पण आंकडा ऐकून लिहितो. आणि तिसरा साक्षीदार जो दगड, तो आजवर डोंगरावर ओळखतां आलेला नाहीं. येथें दोन्ही विधानें शेजारीं ठेवून थांबावें.

(४) ‘मूळ नकाशा’ व नाइतोंची पुनर्रचना

आतां मुख्य विषय. तोक्यो येथील सेइकादो ग्रंथालयांत ‘तेन्शु साशिझु’ म्हणजे तेन्शुचा आंखणीनकाशा ह्या नांवाचा एक कागदांचा संच आहे. कागा संस्थानच्या इकेगामी ह्या सुतारघराण्याच्या दफ्तरांतला तो आहे, आणि त्याचा काळ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध हा आहे. त्यावर अझुचीचें नांव नाहीं. वास्तुशास्त्राचे इतिहासकार नाइतो आकिरा ह्यांनीं तो अझुचीच्या तेन्शुचा असल्याचें प्रतिपादन करून इ. स. १९७६ मध्यें ‘कोक्का’ ह्या नियतकालिकांत आपली पुनर्रचना प्रसिद्ध केली. तळघरापासून वर गेलेली चार मजली मोकळी जागा, तिच्या तळाशीं मध्यभागीं रत्नस्तूप, आणि वर ती जागा ओलांडणारा पूल, ही सर्व योजना ह्या संचावरून आली. पुढच्याच वर्षीं, १९७७ मध्यें, मियाकामी शिगेताका ह्यांनीं त्याच नियतकालिकांत तिचें खंडन केलें. त्यांच्या मतें साशिझु हा मूळ नकाशाची नक्कल नसून सुतारानें ‘शिंचोकोकी’ वाचून स्वतः रचलेला अभ्यास आहे.

प्रथम नाइतोंच्या पक्षाचा जोर सांगतों. साशिझूंतील पायाचा वेडावाकडा आकार डोंगरावरील प्रत्यक्ष पायाशीं जुळतो. घरीं बसून केवळ ग्रंथ वाचणारास हा आकार सुचला नसता, कारण ग्रंथांत तो नाहीं. हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि खंडन वाचून मोहित होणारांनीं तो विसरूं नये. परंतु त्यानें काय सिद्ध होतें? कागद करणारास पायाची माहिती होती, एवढेंच. पाया तर डोंगरावर उघडा होता. जळालेल्या इमारतीचा तळ तिच्यामागें उरतो. तिचे मजले उरत नाहींत. अवशेष मोजून आणलेला तळ व ग्रंथावरून कल्पिलेले मजले अशी जोड एकाच कागदावर असणें अशक्य नाहीं. म्हणून तळाच्या खरेपणानें मजल्यांचा खरेपणा सिद्ध होत नाहीं. आपल्या संग्रहांतहि असे कागद येतात, कीं ज्यांतील वंशावळीचा अलीकडचा भाग चोख असतो व त्याच्या पुण्याईवर वरचा भाग खपविला जातो.

दुसरा मुद्दा मौनाचा. चार मजली मोकळी जागा व तीमधला स्तूप ग्यूइचीनें सांगितला नाहीं, फ्रोइशनेंहि सांगितला नाहीं. ‘सांगितला नाहीं म्हणून नव्हता’ असें म्हणावें काय? येथें आमच्या मीमांसकांचा विचार उपयोगी पडतो. भाट्ट मीमांसक अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. पण कोणतीहि अनुपलब्धि नव्हे, योग्यानुपलब्धि. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असतांना ती दिसली नाहीं, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. उजेडांत जमिनीवर घट दिसत नाहीं, तर तेथें घट नाहीं. पिशाच दिसत नाहीं, एवढ्यावरून पिशाच नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

ही कसोटी दोघांनाहि लावून पाहूं. जो लेखक एका मजल्याचे २०४ खांब लिहितो आणि दालनांच्या चटया मोजतो, तो चार मजल्यांतून गेलेलें विवर व त्यावरचा पूल पाहून गप्प बसेल काय? जो पाद्री मूर्तिपूजेचा एकहि पुरावा हातचा सोडीत नाहीं, जो नोबुनागानें सोकेनजी मंदिरांत स्वतःची पूजा चालविली असा आरोप करतो, तो त्याच्याच घराच्या गाभ्यांत स्तूप आहे हें लिहिण्याची संधि गमावील काय? माझ्या मतें येथें योग्यानुपलब्धि पुष्कळ अंशीं साधते. पूर्णपणें साधते असें म्हणत नाहीं, कारण ग्यूइचीची यादी संक्षिप्त आहे व पाद्र्यांस तळघर दाखविलें होतेंच असें सांगतां येत नाहीं.

राहिला मधला खळगा. नाइतोंच्या योजनेंत तो स्तूपाचें स्थान होतो. परंतु खळगा एवढेंच सांगतो कीं, येथें पायादगड नाहीं. तेथें जमिनींत पुरलेला खांबहि असूं शकेल. दुसरें कांहीं पुरलेलें असूं शकेल. दगड मागाहून कोणी काढलेला असूं शकेल. पोकळीस जो तो आपल्या इच्छेनें भरतो. मीं तीत स्तूप भरला, कारण मला स्तूप हवा होता.

हें थोडें स्पष्ट करून सांगणें माझें कर्तव्य आहे. भारताची छाया दूर देशीं दिसली कीं आपल्यापैकीं पुष्कळांची चिकित्सक बुद्धि विसावा घेते. परंतु अझुचीच्या सहाव्या मजल्यावर शाक्यमुनि व शारिपुत्रमौद्गल्यायनादि शिष्यवर्ग होता, ह्यास समकालीन चरित्रकाराची साक्ष आहे; तेवढ्यानें आपलें समाधान व्हावयास हवें होतें. शाबूत पुराव्याचें चित्र सोडून संशयित स्तूपाच्या मागें मी गेलों, कारण स्तूप अधिक भव्य. ह्या अनुभवावरून मीं स्वतःपुरता एक नियम केला आहे : जी गोष्ट खरी ठरावी असें मनापासून वाटतें, तिच्या साक्षीदाराची उलटतपासणी दुप्पट करावी.

निष्कर्ष असा. साशिझु टाकाऊ नाहीं. सतराव्या शतकांतील सुतारांस अझुचीविषयीं काय ठाऊक होतें ह्याचें तें मोलाचें साधन असूं शकेल. पण तेन्शुच्या आंतील रचनेस त्याचा एकट्याचा आधार पुरत नाहीं. नाइतोंची पुनर्रचना असिद्ध आहे. असत्य आहे असें मी म्हणत नाहीं. नाइतोंच्या परिश्रमाविषयीं मला आदर आहे. वाद उघड पुराव्यानिशीं मांडल्यामुळेंच त्याचें खंडन करतां आलें.

(५) आग कोणी लाविली

इ. स. १५८२ च्या २१ जून रोजीं, जपानी पंचांगाप्रमाणें सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीस, आकेची मित्सुहिदे ह्या सरदारानें क्योतोच्या होन्नोजी मंदिरांत नोबुनागास घेरलें व त्याचा अंत झाला. तेरा दिवसांनीं, पंधराव्या तिथीस, म्हणजे ४ जुलै रोजीं, अझुचीचा तेन्शु जळाला. तारखांची जंत्री लावणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या तारखा जुन्या यूरोपीय गणनेच्या आहेत. नवी गणना त्याच वर्षाच्या आक्टोबरांत आली.

आग कोणी लाविली? सतराव्या शतकांत ओझे होआन ह्यानें रचलेल्या ‘ताइकोकी’ ह्या हिदेयोशीच्या चरित्राप्रमाणें दोष आकेचीच्या पक्षाकडे जातो. पण त्या पक्षाचा सरदार हिदेमित्सु आदल्या दिवशींच अझुची सोडून गेला होता. फ्रोइश नोबुनागाचा पुत्र नोबुकात्सु ह्यास दोष देतो व त्याचें कारण बुद्धिमांद्य सांगतो. क्योतोंतील योशिदा कानेमी ह्याची दैनंदिनी त्याच काळची. तींत पायथ्याच्या वस्तींतून आग वर पसरल्याची ऐकीव वार्ता आहे. मात्र ह्या दैनंदिनीची एक गंमत आहे. कानेमीचा आकेचीशीं स्नेह होता. आकेची मारला गेल्यावर त्यानें त्या वर्षाच्या नोंदी नव्यानें लिहून काढल्या. पहिला खर्डाहि सुदैवानें टिकला, पण तो बाराव्या तिथीस थांबतो. तेव्हां आगीची नोंद सुधारलेल्या प्रतींतच आहे. आणि उत्खननांत जळाल्याच्या खुणा माथ्याभोंवतीं मिळाल्या, उतारावरील वाड्यांत तशा मिळाल्या नाहींत. तेव्हां पायथ्याहून आग चढत गेली ही वार्ताहि सहज पटत नाहीं.

तात्पर्य, कोणासहि दोषी ठरविण्याइतका पुरावा नाहीं. विजेत्याच्या चरित्रांत पराजितावर आळ येतो हें मात्र ह्या प्रकरणांत स्पष्ट दिसतें. किल्लाहि त्या दिवशीं संपला नाहीं. उरलेला भाग वापरांत होता, व इ. स. १५८५ मध्यें जवळच हाचिमानयामा येथें नवा किल्ला झाल्यावर अझुची उजाड झाली.

(६) गोव्यावरून गेलेलें चित्र

एक साधन असें होतें कीं, ज्यानें हा सर्व वाद मिटला असता. नोबुनागानें कानो एइतोकूकडून अझुचीचा किल्ला व नगर ह्यांचें चित्र दुमडत्या पडद्यांवर काढविलें होतें. इ. स. १५८१ मध्यें त्यानें तें आलेस्सांद्रो वालिन्यानो ह्या जेझुइट निरीक्षकास भेट दिलें. २० फेब्रुवारी १५८२ रोजीं चार जपानी तरुणांचें शिष्टमंडळ त्याच्याबरोबर नागासाकीहून रोमकडे निघालें, व हे पडदे त्यांच्यासमवेत निघाले. तेन्शु जळाला तेव्हां शिष्टमंडळ मकाव येथें वाऱ्याची वाट पाहत होतें. पुढें कोची होऊन इ. स. १५८३ च्या नोव्हेंबरांत तें गोव्यास पोहोंचलें. मूळ इमारत नष्ट झालेली आणि तिची समकालीन प्रतिमा मांडवीच्या कांठीं उतरलेली, अशी ती घटका होती. वालिन्यानो गोव्यांतच राहिला, तरुण पुढें गेले, इ. स. १५८५ मध्यें पडदे पोप तेरावा ग्रेगरी ह्यास अर्पण झाले. पंचांग सुधारणारा पोप तो हाच. व्हॅटिकनमध्यें हे पडदे पाहून फिलिप्स व्हान विंघे ह्यानें कांहीं आकृति टिपल्या, व त्यांवरून केलेले ठसे पुढें छापले गेले. त्यानंतर पडद्यांचा माग लागत नाहीं. शोध पुष्कळ झाले, हातीं कांहीं आलें नाहीं.

जुन्या गोव्याच्या ज्या पोर्तुगीज कागदांवर आपल्या इतिहासाच्या शोधार्थ आपण जातों, त्यांतच जेझुइटांच्या त्या महिन्यांच्या पत्रांचाहि थर आहे. कोणी तरुण संशोधक तो चाळीत असेल तर ह्या पडद्यांविषयीं एखादें वाक्य सांपडतें काय, एवढें त्यानें पाहावें. सांपडल्यास तें एक वाक्य माझ्या जुन्या चार पानांहून अधिक किंमतीचें ठरेल.

(७) उपसंहार

इ. स. १९९२ मध्यें सेव्हिल येथील जागतिक प्रदर्शनाकरितां तेन्शुचे वरचे दोन मजले नाइतोंच्या योजनेप्रमाणें पूर्ण आकारांत उभारले. ते आतां अझुची येथील एका संग्रहगृहांत आहेत. माझें चित्र त्यांचेंच होतें. मीं ते पाहिले. सोनें झळकतें, शेंदरी खांब देखणे आहेत, शेजारीं उभी असलेली शाळकरी मुलें आ वासून पाहत होतीं. वरच्या दोन मजल्यांपुरता ग्यूइचीचा आधारहि भक्कम आहे. ही वस्तु संग्रहगृहांत, छपराखालीं, पायापासून दूर आहे, हें मला योग्य वाटलें.

शिगा प्रांताच्या सरकारनें इ. स. २०२३ पासून तेन्शुच्या पायाभोंवतीं पुन्हां उत्खनन आरंभिलें आहे, आणि किल्ल्याचें रूप लोकांस संगणकाच्या चित्रांनीं दाखविण्याची योजना केली आहे. प्रत्यक्ष पायावर लांकूड उभें करण्यापेक्षां हा मार्ग बरा, कारण चित्र पुसून नवें काढतां येतें. पायावर एकदां इमारत चढली कीं ती सर्व विरुद्ध पुराव्यांवर बसते. पायादगड झांकले जातात. आणि पन्नास वर्षांनीं ती स्वतःच प्रमाण होते. मग ‘देन’ हें अक्षर लिहावयास जागा राहत नाहीं.

माथ्यावरून निघण्यापूर्वीं मी त्या मधल्या खळग्यापाशीं पुन्हां गेलों. त्यांत वाळलेलीं पानें व थोडें पावसाचें पाणी होतें. पूर्वीच्या लेखांत मीं तेथें जो स्तूप उभा केला होता, तो ह्या लेखानें उतरवून घेत आहें. ज्या दोघां लेखकांनीं माझ्या भरंवशावर तो आपल्या लेखांत नेला, त्यांस स्वतंत्र पत्रें लिहिलीं आहेत. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं तें जुनें नियतकालिक असल्यास चित्राखालील ओळींतील ‘सिद्ध’ हा शब्द खोडून तेथें ‘तर्क’ असें लिहावें, ही विनंति. इत्यलम्.